किडनी बसली, आता गोळ्यांचेही बोला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अवयवदानाची बातमी आता मराठी वृत्तपत्रांत नेमाने येते. ३ ऑगस्टच्या भारतीय अवयवदान दिनाला तर पानभर येते. हरित मार्गिका, रुग्णवाहिकेने किती मिनिटांत अंतर कापले, यकृत कुठे गेले आणि मूत्रपिंड कुठे. यायलाच हवी. पण ती शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी संपते आणि वाचकाची समजूत होते की किडनी बसली, माणूस सुटला. डायलिसिसमधून सुटतो हे खरे. त्यानंतर रोज ठरल्या वेळी, जन्मभर घ्यायच्या गोळ्या सुरू होतात आणि ती किडनी किती वर्षे चालणार हे बरेचसे त्या गोळ्यांवर ठरते. त्यांचा घोळ करणारी माणसे बहुतेक वेळा भल्या हेतूचीच असतात: दुकानदार, लॅबवाले, फॅमिली डॉक्टर, घरचे. या सगळ्यांच्या हाती सकाळी वर्तमानपत्र असते, म्हणून हे पत्र आपल्याकडे. थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेतून बॅसिलिक्सिमॅबची २० मि.ग्रॅ.ची दोन इंजेक्शने देतात, एक त्याच दिवशी आणि दुसरे चौथ्या दिवशी. नकाराचा धोका जास्त असेल तर सशांपासून मिळवलेले अँटिथायमोसाइट ग्लोब्युलिन. ते रुग्णालयातच उरकते. घरी येतात ती प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन (हे स्टिरॉइड). मायकोफेनोलेट दोन रूपांत मिळते, मोफेटिल ५०० मि.ग्रॅ. आणि सोडियम ३६० मि.ग्रॅ. दोन्हींची ताकद जवळपास सारखीच. पण ५००ची गोळी बदलून ३६०ची मिळाली की 'डोस कमी झाला' असे समजून कोणी वर अर्धी गोळी घेतो. सोडियमच्या गोळीवर आतड्यात विरघळणारे आवरण असते, तिचा तुकडाच करायचा नसतो. प्रेडनिसोलोन आधी जास्त आणि मग उतरवत उतरवत तीनेक महिन्यांत बहुतेकांचे ५ मि.ग्रॅ.वर येते. चेहरा सुजतो म्हणून ते एकदम बंद करणारे रुग्ण, विशेषतः कॉलेजच्या वयातले, प्रत्येक प्रत्यारोपण केंद्राला ठाऊक आहेत. तोवर शरीराची स्वतःचे स्टिरॉइड बनवण्याची सवय मोडलेली असते. किडनीचे पुढचे पुढे, आधी रक्तदाब कोसळून माणूसच आडवा होतो.

तिघांत सगळ्यात नाजूक टॅक्रोलिमस. जपानमधील त्सुकुबा येथील मातीत १९८४ साली सापडलेल्या जिवाणूने दिलेले हे औषध रक्तात नॅनोग्रॅममध्ये मोजतात. एका मिलिलिटर रक्तात पहिले तीन महिने साधारण ८ ते १२ आणि नंतर ५ ते ८, केंद्रागणिक थोडे इकडेतिकडे. त्याखाली गेले की शरीर परक्या किडनीवर चालून जाते. वर गेले की हेच औषध किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळते, हात थरथरतात, पोटॅशियम चढते, मधुमेह नसलेल्याची साखर वाढते. म्हणजे औषध कमी पडले तरी क्रिएटिनिन (किडनीचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) वाढणार आणि जास्त झाले तरी वाढणार. औषधाची रक्तातली पातळी, म्हणजे लेव्हल, न बघता नुसत्या क्रिएटिनिनवरून डोस हलवायचा नाही तो यासाठी.

गिळलेल्या टॅक्रोलिमसपैकी सरासरी पाव भागच रक्तात पोचतो. बाकीचे आतड्याच्या अस्तरातील आणि यकृतातील विकरे मोडून टाकतात. ही विकरे कोणाची जन्मतः तेज असतात, कोणाची मंद. त्यामुळे सारख्या वजनाच्या दोन रुग्णांत एकाला दिवसाला २ मि.ग्रॅ. पुरतात आणि दुसऱ्याला ६ लागतात. ओपीडीच्या बाकावर एकमेकांच्या चिठ्ठ्या ताडून पाहणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी खूप झाले. जुलाबांचे कोडेही इथेच सुटते. जुलाब लागले की औषध वाहून जाईल असे कोणालाही वाटेल. टॅक्रोलिमसचे उलटे होते: अस्तर खरवडले गेले की तिथली विकरेही जातात, औषध मोडले न जाता आत शिरते आणि लेव्हल दुपटीने वाढू शकते. शरीरातले पाणी आधीच कमी झालेले, त्यात हे. पावसाळ्यात दोन दिवस जुलाब झाले तर प्रत्यारोपण केंद्राला फोन करून लेव्हल आणि क्रिएटिनिन दोन्ही तपासायला हवे. घरच्या घरी गोळी वाढवणे किंवा बंद करणे, दोन्ही चूक.

आता ही लेव्हल तपासायची कशी, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. रात्री आठला डोस घेतला असेल तर रक्त सकाळी आठच्या सुमारास द्यायचे, सकाळचा डोस घेण्याआधी. औषध रक्तात सर्वांत कमी असते तो हा क्षण; वर दिलेले ५ ते ८ आणि ८ ते १२ हे आकडे त्या क्षणाचे आहेत. लॅबमधून सांगतात 'उपाशीपोटी या', गोळीचा विषय कोणी काढत नाही. रुग्ण सवयीने आठला कॅप्सूल घेतो, रिक्षा करून साडेनऊला पोचतो आणि हात पुढे करतो. डोसनंतर तास-दोन तासांनी औषध रक्तात कळसाला असते, नेमके तेव्हाच रक्त निघते. जिथे ६ यायचे तिथे १८ येते. रिपोर्ट पाहून डोस निम्मा होतो, खरी लेव्हल ३ वर येते आणि दीड महिन्याने बायोप्सी करावी लागते. उपाय फुकटातला आहे: सकाळची कॅप्सूल खिशात घेऊन जायची, रक्त दिले की तिथेच पाण्याबरोबर घ्यायची. लॅबच्या फॉर्मवर 'शेवटचा डोस किती वाजता' आणि 'रक्त किती वाजता घेतले' असे दोन रकाने हवेत. नसतील तर रुग्णाने पेनने लिहावेत. नळी जांभळ्या झाकणाची, रक्त न गोठू देणारी लागते, कारण टॅक्रोलिमस तांबड्या पेशींत जाऊन बसते. सीरम काढायच्या नळीतला नमुना इथे कामाचा नाही. आणि दर वेळी लॅब तीच ठेवावी. यंत्रांच्या पद्धती दोन-तीन आहेत, प्रतिपिंडांवर चालणारी यंत्रे मास स्पेक्ट्रोमेट्रीपेक्षा आकडा थोडा चढा दाखवतात. लॅब बदलली आणि ६चे ७.५ झाले, तर औषध वाढलेच असे नाही. सायक्लोस्पोरिन या टॅक्रोलिमसच्या आधीच्या औषधावरच्या जुन्या रुग्णांचे गणित निराळे. तिथे काही केंद्रे मुद्दाम डोसनंतर बरोबर दोन तासांनी रक्त मागतात.

मेडिकल दुकानात काय होते? 'ही कंपनी नाही, ही घ्या, कंटेंट तोच आहे.' तापाच्या गोळीला हे ठीक आहे. आमचा जेनेरिकला विरोध नाही. आपल्याकडचे बहुतेक रुग्ण भारतीय कंपन्यांच्याच टॅक्रोलिमसवर आहेत आणि त्यांच्या किडन्या व्यवस्थित चालल्या आहेत. त्रास होतो तो कोणाला न सांगता, लेव्हल न तपासता कंपनी बदलल्याने. दोन कंपन्यांचे औषध रक्तात किती पोचते यातला सर्वसाधारण मान्य फरक ८० ते १२५ टक्क्यांच्या चौकटीत बघतात. युरोपने टॅक्रोलिमससाठी ती चौकट ९० ते १११ इतकी आवळली. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१२ मध्ये टॅक्रोलिमस कंपनीच्या नावानेच लिहावे आणि द्यावे असे सांगितले. आपल्याकडेही राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये जेनेरिक नावे लिहिण्याचा नियम आणला, त्यात अशा अरुंद मर्यादेच्या औषधांना सूट ठेवली होती. ते नियमच त्या महिन्यात स्थगित झाले. म्हणजे तत्त्व सगळ्यांना मान्य आहे, काउंटरवर मात्र काहीच बदललेले नाही.

त्याहून मोठी चूक असते ती साध्या, दिवसातून दोनदा घ्यायच्या, आणि दिवसातून एकदाच घ्यायच्या कॅप्सूलची अदलाबदल. नाव तेच, मि.ग्रॅ. तेच, स्ट्रिपवर शेवटी दोनच अक्षरे जास्त. एकदाच्या ४ मि.ग्रॅ.ऐवजी साध्या ४ मि.ग्रॅ. एकदम घेतल्या तर दुपारपर्यंत हात थरथरतात आणि दुसऱ्या सकाळी लेव्हल तळाला असते. दुकानदारांना विनंती एवढीच की टॅक्रोलिमस देताना रिकामी जुनी स्ट्रिप मागून घ्यावी आणि अक्षर न् अक्षर जुळवावे. रुग्णांनी औषध संपायच्या पंधरा दिवस आधी नवे आणावे. 'उद्या येईल' हे उत्तर ऐकून घेण्याइतकी सवड हवी. कॅप्सूल दमटपणाने बिघडते, म्हणून आठवड्याच्या डबीत सुटी भरू नये. घ्यायची वेळ जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तास. ते जमत नसेल तर जसे घ्याल तसे रोज घ्या, आज भरल्या पोटी आणि उद्या रिकाम्या असे नको. डोस विसरला आणि चार-सहा तासांत आठवला तर घ्यावा. पुढचा डोस जवळ आला असेल तर सोडावा, दुप्पट घेऊ नये आणि केंद्राला कळवावे.

फॅमिली डॉक्टर, त्वचारोगतज्ज्ञ, दातांचे डॉक्टर यांच्या चिठ्ठीतून येणाऱ्या अडचणी सर्वांत गुंतागुंतीच्या. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक टॅक्रोलिमस मोडणाऱ्या विकराला अडवते, लेव्हल तीन-चार दिवसांत चढते. खोकल्यासाठी ते थेट लिहिलेले असेल तर निदान नजरेला पडते. जठरातल्या जंतूंवरच्या १४ दिवसांच्या किटमध्ये ते लपून येते, कारण चिठ्ठीवर किटचेच नाव असते. त्याच गटातले अझिथ्रोमायसिन बरेच निरुपद्रवी. नायट्याची साथ गेली काही वर्षे हटतच नाही आणि त्यावर इट्राकोनॅझोल सर्रास लिहिले जाते. तेही तसेच, फ्लुकोनॅझोलही तसेच. व्होरिकोनॅझोल द्यावेच लागले तर टॅक्रोलिमस एक तृतीयांशावर आणून सुरुवात करतात. आणि उलट बाजूही आहे. आपल्याकडे बऱ्याच केंद्रांत डिल्टियाझेमची छोटी मात्रा मुद्दाम दिलेली असते: ते तेच विकर अडवते, टॅक्रोलिमस कमी लागते, महिन्याचा खर्च वाचतो. रुग्णाला वाटते ती बीपीची गोळी. बीपी उतरले म्हणून दुसरे कोणी ती काढून टाकतो आणि पंधरवड्यात लेव्हल निम्म्यावर येते. अशा चिठ्ठीवर डिल्टियाझेमसमोर 'टॅक्रोलिमससाठी, बंद करू नये' असे लिहायला कितीशी शाई लागते?

गुडघेदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन नको, ते किडनीचा रक्तपुरवठा घटवतात, पॅरासिटामॉल चालते. जुने रुग्ण मायकोफेनोलेटऐवजी अझाथायोप्रिनवर असतात. त्यांचे युरिक ॲसिड वाढले आणि कोणी अॅलोप्युरिनॉल किंवा फेब्युक्सोस्टॅट सुरू केले, तर अझाथायोप्रिन शरीरात साचून अस्थिमज्जाच दबते. पांढऱ्या पेशी दोन-तीन आठवड्यांत धोक्याच्या पातळीखाली येतात. ही जोडी आम्हाला सगळ्यात भीतीची वाटते, कारण दोन्ही चिठ्ठ्या आपापल्या जागी बिनचूक असतात.

क्षयरोगाचे वेगळे सांगायला हवे, कारण ही आपल्याच भागातली अडचण आहे. परदेशी पुस्तकांत ती दोन ओळींत आटोपते. रिफाम्पिसिन टॅक्रोलिमस मोडणारी विकरे कित्येक पटींनी वाढवते. लेव्हल राखायला मात्रा दुप्पट ते पाचपट करावी लागते, तरीही ती हातातून निसटते. म्हणून अनेक केंद्रे रिफाम्पिसिन टाळून लेव्होफ्लॉक्सासिनवर आधारलेला, जास्त महिन्यांचा उपचार निवडतात. सरकारी कार्यक्रमातली औषधे मात्र एकत्रित गोळीत येतात. त्या गोळीतून रिफाम्पिसिन वेगळे काढता येत नाही. महापालिकेच्या किंवा तालुक्याच्या क्षयरोग केंद्रात 'किडनी बसवली आहे' हे वाक्य पहिल्याच भेटीत बोलले जायला हवे. रिफाम्पिसिन दिलेच असेल तर ते थांबल्यावर दोनेक आठवड्यांत विकरे पूर्वपदावर येतात आणि वाढवलेला डोस तसाच राहिला तर लेव्हल आकाशाला भिडते. क्षयाचा कोर्स संपला म्हणून पेढे वाटण्याच्या आठवड्यात लेव्हल दोनदा तपासायची असते.

घरच्यांबद्दल थोडक्यात. 'प्रतिकारशक्ती वाढवा' ही जाहिरात बाकी सगळ्यांसाठी. या घरात ती शक्ती मोठ्या खर्चाने आणि बेताने दाबून ठेवलेली आहे. गुळवेल, अश्वगंधा, च्यवनप्राश, कुठलाही काढा केंद्राला विचारल्याशिवाय नको. कोविडकाळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदवले होते; आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. तो वाद तज्ज्ञ मिटवतील. प्रत्यारोपित रुग्णाने तोवर प्रयोगात उतरू नये. गणपतीत कोकणातून येणारे पपनस हे ग्रेपफ्रूटचे सख्खे भाऊबंद, टॅक्रोलिमसची लेव्हल वाढवणारे. एखादी फोडही नको. निर्जळी उपवास नको. उघड्यावरचा रस, कापून ठेवलेली फळे, कच्चे दूध, कबुतरांनी भरलेली गच्ची, शेजारचे पाडकाम, साचलेल्या पाण्यातून चालणे, ही यादी रुग्णाला पाठ असते; पाहुण्यांना नसते.

सुनेची किडनी बदलली असेल तर 'पाळणा कधी' हे विचारण्याआधी एक गोष्ट माहीत हवी. मायकोफेनोलेटने गर्भाला व्यंग येऊ शकते. प्रत्यारोपणानंतर किमान एक वर्ष गेल्यावर, किडनी स्थिर असताना, डॉक्टर ते बंद करून बहुधा अझाथायोप्रिन देतात आणि त्यानंतर निदान सहा आठवडे थांबून मगच पुढचे. हे ठरवून करावे लागते; दिवस गेल्यावर सांगायला येणे म्हणजे फार उशीर.

पैशांचे तर विचारूच नका. रुग्ण डोस चुकवतो तेव्हा तो विसराळू असतो असे आपण धरून चालतो. पुष्कळदा त्याने दोन वेळची गोळी एक वेळ केलेली असते, पगार होईपर्यंत. त्याला त्या महिन्यात काहीच होत नाही, दुखत नाही, लघवी नेहमीसारखी होते. आत मात्र शरीर दात्याच्या किडनीविरुद्ध प्रतिपिंडे तयार करायला लागते, आणि एकदा तयार झालेली प्रतिपिंडे घालवणारे खात्रीचे औषध नाही. क्रिएटिनिन १.२चे १.५ होते तेव्हा लोक 'अजून दोनच्या आत आहे' म्हणून सोडून देतात. स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा पाव हिश्शाने वाढ झाली की त्याच दिवशी फोन, असा आमचा आग्रह असतो. अमेरिकेत अनेक रुग्णांचा या गोळ्यांचा मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचा आधार प्रत्यारोपणानंतर ३६ महिन्यांनी तुटत असे. गोळ्या परवडल्या नाहीत म्हणून किडनी गेलेला माणूस पुन्हा सरकारी खर्चानेच डायलिसिसवर जाई. तिथे २०२० च्या डिसेंबरात कायदा करून १ जानेवारी २०२३ पासून ही मुदत काढली. आपल्याकडे राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण कार्यक्रमात दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना या औषधांसाठी महिना १०,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. ती कोणत्या रुग्णालयातून आणि कोणत्या कागदांवर मिळते, हे आपल्या वार्ताहरांनी जिल्ह्याजिल्ह्यात विचारून छापले तर एका हरित मार्गिकेच्या बातमीइतके काम होईल.

सरकारी आणि पालिका रुग्णालयांत मोफत मिळणाऱ्या गोळ्यांची कंपनी निविदेबरोबर बदलते. ते टळणार नाही. पण कंपनी बदलून गोळ्या दिल्या की केसपेपरवर तारखेसह 'कंपनी बदलली, आठ दिवसांत लेव्हल' असा शिक्का मारता येईल, आणि ती एक लेव्हल त्याच योजनेतून करता येईल. बाहेर ती हजाराच्या वर जाते, म्हणून नेमकी तीच टाळली जाते. रबरी शिक्का स्टेशनरीच्या कुठल्याही दुकानात दुसऱ्या दिवशी मिळतो.

आपले,
प्रत्यारोपण विभागांत काम करणारे काही औषधनिर्माते व समन्वयक, पुणे